पॅरालीगल डिप्लोमा की विधी स्वयंसेवक? फी भरण्याआधी हे बघा

नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात ‘पॅरालीगल’ हा एकच शब्द दोन वेगळ्या माणसांसाठी वापरला जातो. एक वकिलाच्या ऑफिसात पगारावर काम करणारा सहाय्यक, दुसरा मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा विधी स्वयंसेवक. क्लासच्या जाहिरातीत दोघांची सरमिसळ होते आणि बारावी झालेली मुलं नेमकी तिथेच फसतात.

विधी स्वयंसेवकाची योजना नालसाने, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, २००९ मध्ये आणली. जिल्हा प्राधिकरण स्वतः अर्ज मागवतं, निवड करतं, प्रशिक्षण आणि ओळखपत्र देतं. उमेदवाराला एक पैसाही फी नसते. शिक्षक, अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या बायका, कायद्याचे विद्यार्थी हे काम करतात. सुरगाणा किंवा पेठच्या पाड्यावर जाऊन कायद्याची माहिती सांगायची, मोफत वकिलासाठी अर्ज भरून द्यायचा, तुरुंगातल्या कैद्याचं म्हणणं प्राधिकरणापर्यंत पोचवायचं. काम केलेल्या दिवसांचं मानधन मिळतं, पगार नाही, आणि पक्षकाराकडून पैसे घ्यायला सक्त मनाई आहे. ‘आमच्याकडे फी भरा, कोर्टात स्वयंसेवक म्हणून लावून देतो’ असं कुणी म्हणालं तर तिथूनच उठून यावं.

डिप्लोमाचं गणित निराळं. पॅरालीगल म्हणून नोकरी करायला आपल्याकडे परवाना लागत नाही, त्यामुळे कागदाची किंमत तो देणाऱ्या विद्यापीठावर आणि तुमच्या हाताला लागलेल्या सवयीवर ठरते. इग्नूचा पॅरालीगल प्रॅक्टिसचा डिप्लोमा बारावीनंतर किमान एका वर्षात करता येतो. खासगी क्लास असेल तर गुणपत्रिकेवर कुणाचं नाव छापणार ते आधी विचारा आणि ते विद्यापीठ यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) यादीत शोधा. दूरस्थ अभ्यासक्रम असेल तर त्या वर्षाची, त्याच अभ्यासक्रमाची मान्यता बघा. ‘बार कौन्सिल मान्य पॅरालीगल कोर्स’ या शब्दांवर भुलू नका, कारण बार कौन्सिल ऑफ इंडिया मान्यता देते ती कायद्याच्या पदवीला.

मग वर्गात बसू द्या म्हणावं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. आजही फक्त जुन्या भारतीय दंड संहितेची कलमं पाठ करून घेत असतील तर नोट्स शिळ्या आहेत. जुन्या खटल्यांसाठी ती लागतात, पण नवीन कलमांशी जोडून शिकवली पाहिजेत.

खरी परीक्षा कागदपत्रांची. वकीलपत्र, प्रतिज्ञापत्र, मुदतीचा अर्ज स्वतः लिहून घेतात का? ई-फायलिंग, प्रत्येक खटल्याला मिळणाऱ्या सोळा अक्षर-अंकांच्या सीएनआर क्रमांकावरून तारीख शोधणं, सातबारा, फेरफार, इंडेक्स-२ (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) वाचणं शिकवतात का? नाशिकच्या वकिलाकडे जमिनीची प्रकरणं ठरलेलीच. फेरफार म्हणजे महसुली नोंद, मालकी सिद्ध करणारा दस्त नव्हे, हे ज्याला कळत नाही तो चुकीची फाइल तयार करतो. निकालाच्या नकलेच्या तारखाही अशाच. दिवाणी हुकूमनाम्याविरुद्ध (दिवाणी दाव्यातल्या कोर्टाच्या निर्णयाविरुद्ध) जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस असतात आणि नक्कल मिळवायला लागलेला वेळ त्यातून वगळला जातो. नकलेसाठी अर्ज कधी दिला आणि ती कधी तयार झाली, या दोन तारखा न टिपल्याने अपील मुदतबाह्य होऊ शकतं. हे फळ्यावर शिकून येत नाही, म्हणून प्रत्यक्ष वकिलाच्या ऑफिसात किती आठवडे बसवणार ते लेखी घ्या, आणि फीची पावती संस्थेच्याच नावाची.

डिप्लोमाधारक असो वा विधी स्वयंसेवक, दोघांनाही कोर्टात वकील म्हणून उभं राहता येत नाही. अधिवक्ता अधिनियम १९६१ च्या कलम ४५ नुसार तसं केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वकीलच व्हायचं असेल तर बारावीनंतर पाच किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा एलएलबी करावा लागतो; डिप्लोमामुळे त्यातलं एकही वर्ष कमी होत नाही. स्वयंसेवकांची भरती कधी आहे ते प्राधिकरणाच्या कार्यालयात किंवा आपल्या तालुक्याच्या विधी सेवा समितीत विचारावं. मोफत कायदेशीर मदत हवी असेल तर नालसाचा क्रमांक १५१०० आहे.