विद्युत् गिटारचे थेट ध्वनिमुद्रण

विद्युत् गिटारचे थेट ध्वनिमुद्रण : अ‍ॅम्प्लिफायरसमोर मायक्रोफोन न ठेवता गिटारच्या पिकअपमधून (तारांच्या कंपनाचे विजेत रूपांतर करणारा भाग) निघणारा विद्युत् संकेत केबलने सरळ ध्वनिमुद्रण यंत्रणेत नेण्याची पद्धत. घरगुती ध्वनिमुद्रणात ती आज बहुधा अंकीय अ‍ॅम्प मॉडेलरच्या साहाय्याने वापरली जाते. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकरचे कॅबिनेट आणि त्यापुढचा मायक्रोफोन या साखळीचे गणिती अनुकरण करणारे उपकरण किंवा संगणकावरील प्लगइन (ध्वनिमुद्रणाच्या आज्ञावलीत जोडायची पूरक आज्ञावली) म्हणजे मॉडेलर. ५० किंवा १०० वॉटच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा खरा रंग आवाज बराच चढवल्यावर खुलतो आणि राहत्या घरात तेवढा आवाज काढता येत नाही. ही पद्धत घरोघरी पोहोचण्यामागे मुख्यतः हीच अडचण आहे.

थेट ध्वनिमुद्रण मॉडेलरहून पुष्कळ जुने आहे. १९६० च्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत बेस व गिटार डीआय बॉक्समधून (वाद्याचा संकेत थेट जोडणीसाठी अनुरूप करणारी पेटी) कन्सोलमध्ये (ध्वनिमिश्रणाचा फलक) घेत. बीटल्सच्या ‘रेव्होल्यूशन’मध्ये (१९६८) गिटार कन्सोलच्या प्रवर्धकांना मुद्दाम अतिभार देऊन मुद्रित केली होती, तिथला कर्कशपणा हवासाच होता. एरवी मात्र कॅबिनेटविना आलेला विकृत (डिस्टॉर्टेड) स्वर टोचरा लागतो. हा दोष दूर करण्याच्या प्रयत्नांतूनच पुढील उपकरणे निघाली.

पहिला मॉडेलर कोणता, याबद्दल एकमत नाही. काही जण टॉम शोल्झ यांच्या रॉकमनपासून (१९८२) आरंभ धरतात, तर काही टेक २१ या कंपनीच्या सॅन्सअ‍ॅम्पपासून (सुमारे १९८९). दोन्ही उपकरणांत अ‍ॅम्प व कॅबिनेट यांचा स्वरगुण साधलेला असला, तरी त्यांतील मंडले अनुरूप (अ‍ॅनालॉग) होती. कोणत्याही विशिष्ट अ‍ॅम्पचे गणित त्यांत सोडवले जात नव्हते. त्यामुळे त्यांना मॉडेलरचे पूर्वज म्हणणे अधिक योग्य. अंकीय उपकरणांत रोलंडचे व्हीजी-८ (१९९५) आधीचे आहे. मात्र त्याला प्रत्येक तारेचा संकेत वेगळा देणारा खास पिकअप लागे आणि अ‍ॅम्पबरोबरच खुद्द गिटारचेही अनुकरण हा त्याचा हेतू होता. साध्या गिटारला चालणारा लाइन ६ या कंपनीचा अ‍ॅक्सिस २१२ (१९९६) हा स्वतः स्पीकरसह येणारा अ‍ॅम्प होता. कालक्रमाने मान व्हीजी-८ कडे जातो. परंतु या नोंदीच्या विषयापुरते पाहिल्यास १९९८ च्या सुमारास आलेले लाइन ६ चे पॉड निर्णायक ठरते. टेबलावर मावणारे, कॅबिनेटचे अनुकरण अंतर्भूत असलेले आणि थेट मुद्रणासाठीच घडवलेले हे उपकरण होते. त्याच सुमारास त्याच कंपनीचे अ‍ॅम्प फार्म हे प्लगइन आले. पुढे अ‍ॅक्स-एफएक्स (सुमारे २००६), प्रत्यक्ष अ‍ॅम्पचे ‘प्रोफाइल’ (मोजून बनवलेली प्रतिकृती) घेणारा केंपर (सुमारे २०११) आणि यंत्र-अध्ययनावर आधारलेली उपकरणे असा क्रम लागतो.

साखळीचा पहिला दुवा बहुधा दुर्लक्षित राहतो. चुंबकीय पिकअपचे वेटोळे आणि केबलची धारिता (कपॅसिटन्स) मिळून साधारण २ ते ५ किलोहर्ट्झदरम्यान एक अनुस्पंदन-शिखर तयार होते, म्हणजे तेथील कंप्रता अधिक उठून येतात. गिटारचा चकचकीतपणा त्यातच असतो. हे शिखर टिकण्यासाठी पुढच्या उपकरणाचा आदान संरोध (इनपुट इम्पीडन्स, आत येणाऱ्या संकेताला होणारा विरोध) सुमारे १ मेगओहम हवा. गिटार सुमारे १० किलोओहमच्या लाइन आदानाला जोडली की शिखर मोडते आणि स्वर घुसमटतो. कोणतेही मॉडेल तो पूर्ववत करू शकत नाही. ऑडिओ इंटरफेसवरील (वाद्याचा संकेत अंकीय करून संगणकाला देणारे उपकरण) ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झेड’ बटण यासाठीच असते. प्लगइन वापरताना पातळीचाही प्रश्न येतो. आत येणारा अंकीय आकडा किती व्होल्टचा, हे प्लगइनला कळत नाही आणि प्रत्येक इंटरफेसची कमाल आदान पातळी वेगळी असते. परिणामी तीच गिटार, तेच मॉडेल आणि तीच बटणे ठेवूनही एका इंटरफेसवर स्वर स्वच्छ, तर दुसऱ्यावर फाटका येतो. दोष मॉडेलला दिला जातो.

दुसरा दुवा विकृतीचा. व्हॉल्व्ह संकेताची शिखरे कापतो तेव्हा मूळ कंप्रतेच्या पटींत नवे हार्मोनिक निर्माण होतात. सेकंदाला ४८,००० नमुने घेणाऱ्या यंत्रणेत २४ किलोहर्ट्झवरील काहीही मावत नाही. ते दुमडून खाली येते. ५ किलोहर्ट्झच्या घटकाचा नववा हार्मोनिक ४५ किलोहर्ट्झचा, तो ३ किलोहर्ट्झवर ऐकू येतो. तार ताणून मूळ घटक ५.१ वर नेला, तर हा आगंतुक २.१ वर उतरतो, म्हणजे सूर चढत असताना तो खाली घसरतो. म्हणून चांगले मॉडेलर आत नमुनादर कित्येक पट वाढवून गणित करतात आणि नंतर तो उतरवतात. गणिताच्या तपशिलाबद्दल प्रकाशित साहित्य विषम आहे. स्वर-नियंत्रण मंडलांवर शोधनिबंध आहेत. व्यापारी उपकरणांची रीत मात्र निर्माते सहसा उघड करत नाहीत.

तिसरा दुवा, आणि कानाला सर्वांत मोठा फरक जाणवतो तो येथेच. १२ इंची गिटार स्पीकर सुमारे ५ किलोहर्ट्झनंतर झपाट्याने क्षीण होतो. ही गाळणी नसेल तर विकृत स्वराची मधमाश्यांसारखी भुणभुण होते. तिच्यासाठी कॅबिनेट व मायक्रोफोन यांचा इम्पल्स रिस्पॉन्स (एका क्षणिक ठोक्याला त्यांनी दिलेल्या प्रतिसादाची अंकीय नोंद) वापरतात. ४८ किलोहर्ट्झला २,०४८ नमुन्यांचा रिस्पॉन्स सुमारे ४३ मिलिसेकंदांचा होतो. अ‍ॅम्पचे मॉडेल बदलत बसण्यापेक्षा रिस्पॉन्स बदलून पाहणे बहुधा लवकर फळते. उपकरणात एक व प्लगइनमध्ये दुसरे अशी दोन कॅबिनेट चुकून चालू राहिल्यास स्वर दबतो.

वादनात विलंब (लेटन्सी) जाणवतो. १२८ नमुन्यांचा बफर (संगणक एका वेळी साठवून हाताळतो तो नमुन्यांचा गट) ४८ किलोहर्ट्झला जाता-येता मिळून सुमारे ५.३ मिलिसेकंद घेतो. अनुरूप व अंकीय संकेतांची अदलाबदल करणाऱ्या परिवर्तकांचा वेळ वेगळा. तुलनेसाठी, ३ मी. दूरच्या अ‍ॅम्पचा आवाज हवेतून यायला सुमारे ९ मिलिसेकंद लागतात. प्रक्रिया केलेल्या स्वरासोबत कोरा संकेतही वेगळ्या ट्रॅकवर घेण्याचा प्रघात आहे; त्यामुळे वादन न बदलता अ‍ॅम्प नंतर निवडता येतो.

मोठ्या आवाजातील स्पीकर तारांना पुन्हा कंप देतो आणि स्वर लांबतो; हेडफोनवर हा परिणाम मिळत नाही. शिवाय फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवल्याप्रमाणे मंद आवाजात कानाला खर्ज कमी जाणवतो, त्यामुळे रात्री हळू आवाजात जुळवलेला स्वर मोठ्याने ऐकल्यावर खर्जाने जड वाटू शकतो. प्रोफाइल पद्धतीची मर्यादा वेगळी आहे : त्यात अ‍ॅम्पची एकाच मांडणीतील प्रतिकृती घेतलेली असते. तिच्यावरचे गेनचे (प्रवर्धन कमी-जास्त करणारे) बटण फिरवले, तरी मूळ अ‍ॅम्प त्या जागी तसाच वागला असता याची खात्री नसते. म्हणून एकाच अ‍ॅम्पची वेगवेगळ्या गेनवर अनेक प्रोफाइल घेतात.