पिलबारा : लोखंडाच्या आधीची गोष्ट

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबाराचं नाव निघालं की खाणसम्राट लँग हॅनकॉकचं विमान आठवतं. 1952 मध्ये ढगांखालून उडताना डोंगरकड्यांत लोखंड दिसलं, ही त्याची स्वतःचीच गोष्ट. तीत तिखटमीठ किती, यावर वाद आहे. पण महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठ्या या मुलखात गोरे आले ते लोकरीसाठी.

1863 मध्ये इथे मेंढ्या उतरल्या. पाण्याजवळची कुरणं गोऱ्यांनी घेतली आणि तिथल्याच मूलनिवासींना राबवलं. मोबदला बहुतेकदा पीठ, चहा, साखर, तंबाखू. काम सोडून गेलं तर पोलीस धरून आणत. आपल्याकडे याला वेठबिगारच म्हणतात. 1888 मध्ये सोनं सापडलं, तरी कुरणांवरची रीत तीच राहिली.

ती मोडली 1 मे 1946 रोजी, लोकर कातरणीच्या तोंडावर. डूली बिन बिन आणि क्लॅन्सी मॅकेना हे मूलनिवासी पुढारी, सोबत डॉन मॅक्लाउड हा गोरा साथीदार. दूरदूर विखुरलेल्या निरक्षर माणसांना संपाची तारीख कळणार कशी? हाताने आखलेली कॅलेंडरं कुरणाकुरणावर गुपचूप पोचवली गेली. रोज एक दिवस खोडायचा. दिवस संपले की काम बंद. सुमारे 800 जण बाहेर पडले. तिघांनाही तुरुंगवास झाला, तरी संप तीन वर्षं चालला. 1949 मध्ये खलाशांच्या संघटनेने इथली लोकर न्यायला नकार दिला, तेव्हा कुठे काही मालक मजुरीवर नमले.

दरम्यान संपकरी जगले ते खाणकामावर. बायका ‘यांडी’ चालवत : लांबट, उथळ पाटी, आपल्या सुपासारखी. पूर्वी तिच्यात गवताचं बी पाखडत, आता वाळूतून कथिलाचं खनिज वेगळं होऊ लागलं. अनेक जण मालकांकडे परतलेच नाहीत.

लोहखनिज निर्यातीवर 1938 पासून बंदी होती. ती 1960 मध्ये सैल झाली आणि 1966 पासून पिलबाराचं खनिज जपानला निघालं. गोव्याचं तर त्याआधीच मुरगावहून जात होतं.

जमिनीवरचा मूलनिवासी हक्क न्यायालयाने मान्य केला 1992 मध्ये. तरीही मे 2020 मध्ये रिओ टिंटो या खाणकंपनीने इथल्या जूकन घळीतल्या, 46,000 वर्षांपूर्वीच्या मानवी वावराच्या खुणा असलेल्या गुहा खाणीसाठी सुरुंगाने उडवल्या. 1972 च्या वारसा कायद्याखाली तशी परवानगी कंपनीला 2013 मध्येच मिळाली होती.