विणकाम, सुयांवरचे

एकाच सलग धाग्याचे फास दोन सुयांवर घेऊन, एका फासातून दुसरा ओढून काढत कापड तयार करण्याची कला. मराठीत मागावरचे कापड, बाज, टोपली, स्वेटर असे सगळेच ‘विणले’ जाते. इंग्रजीत मागासाठी ‘वीव्ह’, आकडीच्या सुईसाठी ‘क्रोशे’ आणि या कामासाठी ‘निट’ अशी वेगळी क्रियापदे आहेत.

मूळ टाके दोनच, सुलट आणि उलट. खरे तर टाका एकच; सुलट टाका मागून पाहिला की उलट दिसतो. एक ओळ सुलट, एक उलट अशी वीण पुढून गुळगुळीत दिसते, पण तिच्या कडा गुंडाळतात. सगळ्या ओळी सुलट विणल्या तर कापड सपाट राहते. मनगटाच्या पट्टीत एकाच ओळीत एक सुलट, एक उलट टाका घेतात, म्हणून ती ताणली तरी पुन्हा आवळते. मागावरच्या ताण्याबाण्यात धागे जवळजवळ सरळ असतात. इथे धागा वळणावळणाने जातो आणि ओढ बसली की फास आकार बदलतो. इजिप्तमध्ये या विणीचे मध्ययुगीन सुती मोजे सापडले आहेत. मोजे विणणारे यंत्र इंग्लंडमध्ये विल्यम ली यांनी १५८९ मध्ये बनवले.

‘निट’ या शब्दाचा जुना अर्थ गाठ मारणे. गाठीसाठीचा ‘नॉट’ हा त्याचाच भाऊबंद. रोजच्या इंग्रजीत तोच अर्थ टिकला आहे. मोडलेले हाड ‘निट’ होते, म्हणजे सांधते. कपाळाला आठ्या घालणे म्हणजे भुवया ‘निट’ करणे. एकमेकांना धरून राहणारे कुटुंब ‘क्लोज-निट’. गंमत अशी, की घट्टपणाची ही उपमा ज्या कापडावरून घेतल्यासारखी वाटते, ते एक टोक ओढले की सरसर उसवते. लोकरीच्या धाग्याला ‘यार्न’ म्हणतात आणि रंगवून सांगितलेल्या लांबलचक गोष्टीलाही. ‘आपल्या निटिंगला धरून राहा’ हा सल्ला उद्योगजगतात फार चालतो: जे येते तेच करा. भूतकाळी रूपातही फरक पडतो. हाताने विणलेला स्वेटर बहुधा ‘निटेड’ असतो, कुटुंब मात्र ‘निट’च, तिथे ‘क्लोज-निटेड’ क्वचितच ऐकू येते.