वेट जॉइंट का ड्राय जॉइंट: जुन्या बोटीचे मॅनिफोल्ड मागवायच्या आधी

"५.७ मर्क्रूझर आहे, मॅनिफोल्ड पाठवून द्या" एवढंच फोनवर सांगून मोकळे होणारे आपल्या गोव्यात बरेच आहेत (मर्क्रूझर म्हणजे बोटीचं इंजिन, मॅनिफोल्ड म्हणजे हेडला लागून धूर गोळा करणारा बिडाचा भाग), मग पार्सल येतं आणि जुना रायझर, म्हणजे मॅनिफोल्डवर बसून धूर वर-मागे नेणारा भाग, नव्या मॅनिफोल्डवर ठेवला की पाण्याची भोकं एकमेकांवर येतच नाहीत. इंजिन तेच, हेड तेच, घोळ जोडात. २००२-०३ च्या आसपास मर्क्रूझरने ४.३, ५.० आणि ५.७ लिटरच्या इंजिनांवर वेट जॉइंट सोडून ड्राय जॉइंट आणला, त्यामुळे नुसत्या इंजिनच्या नावावरून काही कळत नाही.

वेटमध्ये रायझर बसतो त्या एकाच सपाट तोंडातून मधून धूर जातो आणि बाजूने थंड करणारं पाणी, दोघांच्या मधे फक्त गॅस्केटची पट्टी. बीड गंजून तोंडाला खड्डे पडले की पाणी धुराच्या वाटेत झिरपायला लागतं आणि बाहेरून बघाल तर सगळं कोरडं ठणठणीत, हीच खरी भानगड. इंजिन बंद केलं की ते पाणी खाली उतरतं, जो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा असेल तिथून सिलिंडरमध्ये शिरतं, आणि पुढच्या वेळी चावी फिरवली की स्टार्टर टक करून अडकतो. पाणी काही दाबलं जात नाही, त्यामुळे जोर लावत बसलात तर कनेक्टिंग रॉड वाकायची भीती. प्लग काढून बघा, एखाद्यावर गंज दिसला तर आधी रायझर खोला.

ड्रायमध्ये धुराच्या भोकाला स्वतःची गॅस्केट, पाण्याच्या वाटा बाजूला काढलेल्या आणि दोघांच्या मधे मोकळी खाच. त्यामुळे जोड गळला तर पाणी बाहेर येतं, मिठाचे पांढरे ओघळ दिसतात. अर्थात हेही बीडच, आतून गंजतंच. मांडवीत बोट असते म्हणून गोडं पाणी समजू नका, बेती-पणजीला भरतीचं खारं पाणीच येतं.

मग घ्यायचं कुठलं? मॅनिफोल्ड धड असेल, तोंडावर सरळ पट्टी ठेवून फट दिसत नसेल, तर वेटचेच रायझर घाला, उगाच खर्च कशाला. दोन्ही गेले असतील तर मी ड्रायच घेईन, पण मग मॅनिफोल्ड, रायझर, गॅस्केट सगळं दोन्ही बाजूंचं एकदम, अर्धं जुनं अर्धं नवं चालणार नाही. होजही थोडे बदलावे लागतात. जुन्या रायझरखाली ३ किंवा ६ इंचाचा स्पेसर (उंची वाढवणारा तुकडा) असेल तर तेवढी उंची नव्यालाही हवी, नाहीतर एल्बो (रायझरचा वरचा वळलेला भाग) पाण्याच्या पातळीच्या फार जवळ येतो आणि मागून लाट आत यायची.

बोट पावसाळ्यात वर काढलेली असते तेव्हाच हे खोलून बघायचं. जोडाचा बाजूने फोटो काढा, खाच दिसली तर ड्राय. आणि मॅनिफोल्डमधून कूलंट फिरत असेल, समुद्राचं पाणी फक्त रायझरमध्ये, तर वेटला मधे पाण्याची भोकं बंद असलेली गॅस्केट लागते, ते दुकानदाराला स्वतःहून सांगा. उघडी गॅस्केट बसली की कूलंट आणि खारं पाणी एक झालंच.