पान चिकट लागतंय? रोप परत आणण्याआधी हे वाचा

दर हंगामात आमच्या रोपवाटिकेतून टोमॅटोची रोपं नेलेली काही गिऱ्हाइकं ट्रे घेऊन परत येतात. पानाला चिकटा (किडीनं टाकलेला चिकट रस) आलाय, रोगट रोपं दिली, अशी तक्रार असते. रोपं हाताळून बोटं हिरवी-काळी झालेली असतात. त्यांची काळजी आम्हाला कळते, पण बहुतेक वेळा रोप ठणठणीत असतं. बोटांना लागलेलं ते रोपाचंच असतं.

टोमॅटोच्या देठा-पानावरची लव भिंगातून पाहा. काही केस नुसते टोकदार, तर काहींच्या टोकाला चकचकीत गोळी. हे गोळीवाले म्हणजे ग्रंथिल केस. बुडाची पेशी पानाच्या सालीत रुतलेली, वर देठ, आणि टोकाला रस तयार करणाऱ्या पेशींचं डोकं. टोमॅटोच्या ज्या केसांना अभ्यासक 'सहावा प्रकार' म्हणतात, त्यांच्या डोक्यात चार पेशी असतात. टोमॅटोचा ओळखीचा वास मुख्यतः त्यांचाच.

तुळशीच्या पानावर लांब देठ दिसणार नाही. तिथं चार पेशींचं पसरट डोकं पानाला चिकटून बसतं. पुदिन्यात त्याच डोक्यात आठ पेशी. तेल पेशींबाहेर येऊन वरच्या पातळ पापुद्र्याखाली साठतं. पान चुरगाळलं की पापुद्रा फाटतो आणि वास सुटतो. म्हणून तुळस वाळवायची तर सावलीत, न चुरगाळता.

हरभऱ्याबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. बेळगावजवळच्या येळ्ळूर, शहापूरच्या शिवारात भातकापणीनंतर हरभरा, मसूर, वाटाणा करणाऱ्यांना आंब नवी नाही. रात्री पिकावर स्वच्छ धडपं पसरायचं, पहाटे पिळून घ्यायचं, आणि पोट बिघडलं की थेंबभर द्यायचं, असं आपल्या आज्या करत. ती आंब म्हणजे ग्रंथिल केसांचा पाझर. त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. ऑक्झॅलिक आम्लामुळे घाटेअळीची वाढ खुंटते. आंब पाण्यात विरघळते, त्यामुळे पावसाची सर आली की धुऊन जाते. तशा सरीनंतर दोन-तीन दिवस अळीसाठी पीक बारकाईनं पाहा.

याची दुसरी बाजूही आहे. हरभऱ्याची आंब आणि टोमॅटोचा चिकट रस अळीच्या अंड्यांवर जगणाऱ्या इवल्या मित्रकीटकांनाही जाचतो. हरभऱ्यासाठी कुणी ट्रायकोकार्ड (अशा मित्रकीटकांचं कार्ड) मागितलं तर आम्ही हे आधी सांगतो, मग विकतो.

निपाणीकडच्या तंबाखूवाल्यांना चीक काय असतो ते सांगायला नको. शेंडे खुडताना हात काळे होतातच. हा चीक केसांतून येतो, निकोटीन मात्र मुळांमध्ये तयार होऊन पानात चढतं. दवानं किंवा पावसानं ओल्या पानातून ते कातडीवाटे अंगात जातं, आणि मळमळ, चक्कर सुरू होते. पान ओलं असताना उघड्या हातानं खुडणी करू नका.

खरा चिकटा ओळखायचा कसा? तो मावा किंवा पांढरी माशी टाकते, वरून गळून खालच्या पानांच्या वरच्या बाजूवर थेंबाथेंबांनी पडतो. मुंग्या लागतात, पुढं काळी बुरशी धरते. पान उलटवलं की कीड दिसते. रोपाचा स्वतःचा चिकटपणा मात्र कोवळ्या देठावर, शेंड्यावर सगळीकडे सारखा असतो, आणि चोळल्यावर वास येतो. कोवळ्या पानावर लव दाट असते. पान पसरतं तसे केस एकमेकांपासून दूर जातात. जून पान कमी चिकट लागलं म्हणून घाबरायचं कारण नाही.

पाहायची पद्धत सोपी आहे. पान मधोमध दुमडा, दुमड उजेडासमोर धरा आणि दहापट भिंगातून कडेकडेनं पाहा. केस आडवे, देठ-डोक्यासकट दिसतात. आणखी बारीक पाहायचं असेल तर चिमट्यानं पानाची साल हलक्या हातानं सोला, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा, वर पातळ काच. दाबू नका, डोकी फुटतात. तेल ओळखायला सुदान रंग वापरतात. तेलाचे थेंब तांबूस होतात.

आमच्या गल्ल्याशेजारी सूक्ष्मदर्शी मांडलेला आहे. संशय आलेलं पान ओल्या कापडात गुंडाळून सकाळी आणा, आपण मिळून पाहू. पाहायचे पैसे नाहीत. चिकटा निघाला तर रोपं बदलून देऊ.