विद्यापीठ संकेतस्थळाचा मेनू

विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील पानांच्या दुव्यांची क्रमवार व पातळीवार मांडणी आणि ती वेळोवेळी दुरुस्त ठेवण्याचे काम. मुख्य मेनू, उपमेनू व पानाच्या तळाशी दिलेले दुवे यांचा त्यात समावेश होतो.

उगम : याचे मूळ एकाहून अधिक ठिकाणी दाखवतात. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात पडद्यावर उघडणारे मेनू तयार झाले. ‘स्टार’ (१९८१) व ॲपलच्या ‘लिसा’ (१९८३) या संगणकांतून ते बाजारात आले. मोबाइलवर आज दिसणारे तीन आडव्या रेषांचे चिन्हही ‘स्टार’साठी नॉर्म कॉक्स यांनी रेखाटले होते. दुसरा धागा ब्रिटनमधील ‘प्रेस्टेल’ (१९७९) या, दूरध्वनीमार्गे दूरचित्रवाणी संचावर माहिती देणाऱ्या सेवेचा. तीत आकडा दाबून यादीतून पान निवडावे लागे.

विद्यापीठीय मेनूपुरते पाहिल्यास मात्र अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील ‘गोफर’ (१९९१, इंटरनेटवरील माहिती मेनूतून निवडण्याची प्रणाली) हा पूर्वज अधिक जवळचा वाटतो. मार्क मॅकाहिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो विद्यापीठातील माहिती एकत्र मिळावी म्हणूनच रचला होता. त्यात प्रत्येक नोंदीला प्रकार-चिन्ह असे : ० म्हणजे मजकूर, १ म्हणजे पुढचा मेनू, ७ म्हणजे शोध. १९९३ च्या आरंभी विद्यापीठाने सर्व्हरसाठी परवाना शुल्काची घोषणा केली, तर ३० एप्रिल १९९३ रोजी सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेने वर्ल्ड वाइड वेब सर्वांना मोफत खुले केले. गोफर मागे पडण्याचे हे एक प्रमुख कारण मानतात. विभाग, उपविभाग, कागद ही त्याची उतरंड मात्र टिकली.

रुंदी व खोली : एका पातळीवर किती नोंदी (रुंदी) व एकाखाली एक किती पातळ्या (खोली) असाव्यात, हा जुना वाद आहे. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या निबंधातील ‘सात, अधिक-उणे दोन’ हा आकडा येथे सर्रास सांगतात. पण तो स्मरणाविषयी आहे. मेनू डोळ्यांपुढेच असल्याने तो लक्षात ठेवावा लागत नाही. ड्वाइट मिलर यांच्या प्रयोगात (१९८१) ६४ शब्दांसाठी आठ-आठच्या दोन पातळ्या सर्वांत सोयीच्या ठरल्या. लार्सन व चेरविन्स्की यांनी (१९९८) ५१२ पाने वेबवर मांडून पाहिली. आठ-आठच्या तीन पातळ्यांपेक्षा १६ व ३२ च्या दोन पातळ्यांत वाचक लवकर पोहोचले. खोलीपेक्षा रुंदी बरी, असा कौल यातून निघतो.

व्यवस्थापन : वर्डप्रेस व ड्रुपल या संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणाली आहेत. वर्डप्रेसमध्ये ३.० आवृत्तीपासून (२०१०) मेनू कोड न लिहिता बदलता येतो. ड्रुपलमध्ये प्रत्येक दुव्याला ‘वजन’ म्हणून एक आकडा देतात. कमी वजनाचा दुवा वर येतो. मेनूतून दुवा काढला तरी पान नष्ट होत नाही. जुनी परिपत्रके शोधयंत्रात सापडत राहतात ती त्यामुळेच. पानाचा पत्ता बदलल्यास जुन्या पत्त्यावरून ३०१ क्रमांकाचे पुनर्निर्देशन (वाचकाला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी सूचना) द्यावे लागते.

विदर्भातील स्थिती : नागपूर (१९२३), अमरावती (१९८३) व गडचिरोलीचे गोंडवाना (२०११) ही येथील प्रमुख बिगर-कृषी सार्वजनिक विद्यापीठे होत. अशा विद्यापीठांच्या मेनूवर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ची छाया असते. अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद, विविध मंडळे या क्रमाने नोंदी लागतात. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार स्वतःहून प्रसिद्ध करावयाची माहितीही तेथेच येते. कोणता विभाग कोणते काम पाहतो हे आधीच ठाऊक असलेल्याला हा मेनू सोपा जातो, इतरांना नाही. गडचिरोली जिल्ह्यातीलच सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे २०० किमी दूर आहे. सिरोंच्याच्या विद्यार्थ्याला मोबाइलवर हवे असते ते हिवाळी वा उन्हाळी परीक्षेचे वेळापत्रक, निकाल, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज, स्थलांतर प्रमाणपत्र. ‘विद्यार्थी कोपरा’ हा वेगळा मेनू त्यावरचा रूढ उपाय. मूळ मांडणी तशीच ठेवून केलेली ही डागडुजी म्हणता येईल. माउस वर नेल्यावरच उघडणारे उपमेनू स्पर्शपडद्यावर अडतात, हा दोष निराळा.

भाषा व लिपी : युनिकोड (सर्व लिप्यांतील अक्षरांसाठीची समान संकेतप्रणाली) रुळण्यापूर्वी मराठी मेनू कृतिदेव, शिवाजी यांसारख्या फाँटांत किंवा चित्ररूपात दिले जात. फाँट नसलेल्या संगणकावर ती अक्षरे निरर्थक दिसत आणि चित्रातील नावे दृष्टिहीनांच्या वाचक-प्रणालीला कळत नसत.  गडचिरोली भागात बोलल्या जाणाऱ्या गोंडीसाठीच्या मसराम लिपीला २०१७ मध्ये व गुंजाळा लिपीला २०१८ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. गोंडी देवनागरीतही लिहितात. तशा मेनूला वेगळा फाँट लागत नाही.