मैदानी हॉकी

अकरा-अकरा खेळाडूंचे दोन संघ वाकड्या टोकाच्या स्टिकने जो खेळ खेळतात, तो मैदानी हॉकी. मैदान ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद असते. आंतरराष्ट्रीय सामना १५ मिनिटांच्या चार सत्रांत होतो आणि राखीव खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करू शकतात. पायाने किंवा अंगाने चेंडू अडवण्याची मुभा फक्त गोलरक्षकाला, तीही स्वतःच्या डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळासारख्या भागातच.

नवख्या प्रेक्षकाने आधी स्टिक नीट पाहावी. तिची डावी बाजू सपाट आणि उजवी गोलसर असते. गोलसर बाजूने चेंडू खेळणे हा फाऊल आहे. डावखुऱ्यांसाठीही वेगळी स्टिक नसते. त्यामुळे शरीराच्या उजव्या बाजूचा चेंडू सहज खेळता येतो, डावीकडच्या चेंडूसाठी मात्र मनगट वळवून स्टिक उलटी करावी लागते. हीच उलटापालट झपाट्याने करत बचावपटूला चकवणे म्हणजे ‘इंडियन ड्रिबल’, आणि हॉकीत याहून देखणे काही नाही.

डीची रेषा गोलपासून १४.६३ मीटरवर असते. आक्रमकाची स्टिक डीच्या आत चेंडूला लागली तरच गोल धरला जातो. बचाव करणाऱ्याने डीमध्ये नकळत फाऊल केला, तर बहुधा पेनल्टी कॉर्नर मिळतो. आक्रमक संघाचा एक खेळाडू गोलरेषेच्या बाजूने चेंडू डीबाहेर ढकलतो, दुसरा तो थांबवतो आणि तिसरा गोलवर मारतो. अडवायला गोलरक्षकासह जास्तीत जास्त पाच जण असतात, उरलेल्यांना मध्यरेषेपलीकडे थांबावे लागते. पहिलाच फटका ‘हिट’ असेल तर चेंडू ४६० मिलीमीटरपेक्षा उंच जाता कामा नये. स्टिकवर ओढून फेकलेल्या चेंडूला ही मर्यादा नाही, म्हणूनच या फटक्याचे, म्हणजे ड्रॅग फ्लिकचे, महत्त्व वाढले. पॅरिस ऑलिंपिकमध्ये, २०२४ साली, सर्वाधिक १० गोल करणाऱ्या भारताच्या हरमनप्रीत सिंगचे मुख्य अस्त्र हेच होते.

ऑलिंपिकमध्ये भारताच्या पुरुष संघाची आठ सुवर्णपदके आहेत, त्यांतली सात १९२८ ते १९६४ या काळातली. माँट्रियलला १९७६ साली ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम टर्फवर झाली. गवतावरच्या कसबापेक्षा वेग आणि दमाला किंमत आली, आणि त्यानंतर भारताला १९८० चे एकच सुवर्ण मिळाले. त्या पडत्या काळातही पुण्याच्या खडकीतून आलेले धनराज पिल्ले १९९२ ते २००४ दरम्यान सलग चार ऑलिंपिक खेळले. त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने १९९८ साली बँकॉकमध्ये आशियाई क्रीडा स्पर्धेचे सुवर्ण जिंकले.